लिंबूटिंबूच्या धावा मोजा

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमधला विषय बदलतो. अप्रेजलचं रडगाणं मागे पडतं आणि आईबाप झालेली मंडळी एकमेकांना विचारायला लागतात, "तू तुझ्या पोराला कुठे टाकलंस?" (टाकलंस! जसं काही फिक्स डिपॉझिटच.) मग याद्या निघतात. रोबोटिक्स, अबॅकस, घोडेस्वारी, पब्लिक स्पीकिंग आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'. वय वर्षं सहा, आणि म्हणे पर्सनॅलिटी डेव्हलप करायची! दहा दिवसांचे पाच-सात हजार मोजणारे पालक माझ्या टीममध्येच आहेत. ज्याचे पैसे त्याची हौस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. राग याचा येतो की 'उन्हाळी शिबिर' हा साधा, स्वस्त, सगळ्यांच्या मालकीचा शब्द या दुकानांनी उचलून नेला, आणि आपण तो सुखाने नेऊ दिला.

तर मंडळी, आज मी भांडायच्या मूडमध्ये आहे. मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. पाटससारख्या प्रत्येक गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी तीन तास सगळ्या मुलांसाठी शिबिर असलं पाहिजे. 'सगळ्या' म्हणजे खरोखर सगळ्या. आणि ते आखताना सुरुवात अशा मुलापासून केली पाहिजे ज्याला तिथे पोचणं सगळ्यात अवघड आहे. त्याची सोय झाली की बाकीची पोरं आपोआप येतात. उलट्या क्रमाने केलं, आधी सोपी मुलं आणि मग जमलं तर अवघड, तर ते 'जमलं तर' कधीच जमत नाही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नसावी. "हा एज केस आहे, पुढच्या रिलीजमध्ये बघू" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय? आणि तो पुढचा रिलीज किती वेळा आलाय? सॉफ्टवेअर पूर्ण बांधून झाल्यावर ॲक्सेसिबिलिटी चिकटवायला गेलं की काय होतं तेही आपण भोगलंय. दुप्पट खर्च, आणि तरी ठिगळ ते ठिगळच.

आता पाटसबद्दल. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना पाटस म्हणजे टोलनाका. तिथे काच खाली करायची, फास्टॅग वाजला की काच वर. पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, तालुका दौंड. भीमा सहकारी साखर कारखाना इथलाच. पुणे-दौंड लोहमार्गावर स्टेशन आहे, इथूनच बारामतीकडे फाटा फुटतो आणि जवळच कुरकुंभची एमआयडीसी आहे. एका बाजूला खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडं माळरान. हाच दौंड तालुका आणि शेजारचा शिरूर २०२३ च्या सरकारी दुष्काळाच्या यादीत होते, हे टोलनाक्यावरून दिसत नाही. माझं घर इथलं. मी आता खराडीत राहतो, पण मतदान आणि भांडण दोन्ही अजून पाटसलाच.

अशा गावात मे महिन्यात कोणकोणती मुलं असतात ते बघा. बागायतदाराची असतात, शिक्षकाची असतात, दुकानदाराची असतात. कुरकुंभच्या कंपन्यांत कंत्राटावर आलेल्या कामगारांची असतात, ज्यांना मराठी अजून अडखळत येतं. वीटभट्टीवरची असतात. मेंढरांमागे फिरून पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या धनगर कुटुंबांची असतात. पारधी वस्तीवरची असतात, ज्यांच्याकडे गाव आधी संशयानेच बघतं. बारा-तेरा वर्षांच्या मुली असतात, ज्यांच्या कडेवर कायम एक लहान भावंडं असतं. आणि प्रत्येक वाडीवस्तीवर दोन-चार अशीही मुलं असतात जी चालू शकत नाहीत, किंवा बघू, ऐकू, पटकन बोलू शकत नाहीत, किंवा ज्यांचं डोकं वेगळ्या लयीत चालतं.

शाळा सुरू असते तेव्हा यातली बरीच मुलं निदान एका छताखाली येतात, दुपारी एका पंगतीत खिचडी खातात. मेच्या सुरुवातीला फाटकाला कुलूप लागतं ते जूनच्या मध्यापर्यंत. या सहा आठवड्यांत जातीप्रमाणे, वस्तीप्रमाणे, खिशाप्रमाणे पोरं परत आपापल्या कप्प्यात जातात. कुणी पुण्याला मामाकडे जातो, कुणी विटा थापतो, कुणी मोबाईल घेऊन बाजेवर पडतो, कुणी कालव्यात आणि विहिरीत पोहायला जातो. उन्हाळ्यात विहिरीत, शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आणि जे मूल चालू शकत नाही ते ओट्यावर बसतं. सहा आठवडे.

माझ्या चुलत बहिणीचा मुलगा असा ओट्यावर बसणारा आहे. वय नऊ, सेरेब्रल पाल्सी. पाय साथ देत नाहीत, बोलणं जरा ओढत, पण डोकं एकदम तल्लख. आयपीएलचे स्कोअर तोंडपाठ. समोरच्या मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात, त्यांनी याला अंपायर केलंय. येणारेजाणारे कौतुक करतात, "बघा, पोरं किती समजूतदार, त्यालाही घेतात खेळात." मीही तेच म्हणत होतो. तर एक दिवस तो मला म्हणाला, "मामा, मला अंपायर नको. बॅटिंग पाहिजे."

बहिणीने पुण्यातल्या एका शिबिरात चौकशी केली होती. (नाव घेत नाही, एकाचं घेतलं तर बाकीचे सुटतात.) फॉर्मवर छापलेलंच होतं, मूल स्वतःची कामं स्वतः करणारं असावं. तिने फोन केला तर समोरून गोड आवाजात उत्तर, "मॅडम, आमच्याकडे तसे ट्रेन्ड लोक नाहीत, त्याच्यासाठी एखादं स्पेशल कॅम्प बघा ना." स्पेशल कॅम्प! म्हणजे बहिणीने पाटसहून रोज साठ किलोमीटर जायचं आणि साठ यायचं, कशासाठी, तर त्याने त्याच्यासारख्याच मुलांबरोबर खेळावं म्हणून. आणि जी पोरं त्याच्या ओट्यासमोर रोज खेळतात त्यांच्याबरोबर मात्र आयुष्यभर अंपायर!

आता जरा लहानपण आठवा. आपल्या खेळांत 'लिंबूटिंबू' नावाचा प्रकार होता. कुणाचं तरी शेंबडं भावंडं मागे लागायचं, त्याला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य नाही, तो आऊट नाही. कुणी शिकवलेलं नसताना पोरांनी शोधून काढलेली ही व्यवस्था मला फार आवडते. समावेशक हा जड शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांनी समावेश करून दाखवला होता. पण त्यात एक खोट आहे. लिंबूटिंबू आऊट होत नाही, तशा त्याच्या धावाही मोजत नाहीत. तो खेळात असतो, खेळाच्या हिशोबात नसतो. चार वर्षांच्या पोराला ते चालतं, कारण पुढच्या वर्षी तो मोठा होणार असतो. जो कायमचा लिंबूटिंबू ठरला त्याने काय करायचं?

याचं उत्तर क्रिकेटमध्येच आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज खालून, सरपटी चेंडू टाकतो आणि टाकण्याआधी फलंदाजाला आवाज देतो. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. ही दया नाही, मंडळी, हा नियम आहे. नियम असा केला की त्या खेळाडूवाचून संघाचं भागत नाही. २०१२ मध्ये अंधांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला तो याच नियमांनी. समावेशक शिबिर म्हणजे मला एवढंच म्हणायचंय. लिंबूटिंबूला घ्या, आणि त्याच्या धावा मोजा. ओट्यावरचा पोरगा बसून बॅटिंग करेल, त्याच्यासाठी दुसरा कुणी पळेल, सीमारेषा दहा पावलांवर असेल. नियम पोरंच बनवतील, आपल्यापेक्षा चांगले बनवतील. मोठ्यांनी फक्त एक अट घालायची, प्रत्येकाची धाव फळ्यावर लागली पाहिजे.

कायद्याचं म्हणाल तर तो कधीचाच आलाय. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला, त्यात खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलाय. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००७ मध्ये मान्य केला, त्यात तर अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळण्याची संधी, असं स्वच्छ म्हटलंय. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीतल्या बरोबरीची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. स्थानिक संस्था म्हणजे कोण? आपली ग्रामपंचायत. २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. दरम्यान अपंगाचा दिव्यांग झाला. शब्द बदलायला काही लागत नाही. शाळेच्या दारात रॅम्प आहे, कारण माहितीच्या तक्त्यात रॅम्पचा रकाना असतो. पण स्वच्छतागृह मागे, खडीतून वाट, वर दोन पायऱ्या आणि दाराला कुलूप. रॅम्पवरून आत गेलेल्या मुलाने तीन तास काय करायचं, हा रकाना तक्त्यात नाही.

आकडाही सांगून टाकतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरातल्या ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी साधारण २७ टक्के मुलांनी शाळेचं तोंडच पाहिलेलं नव्हतं. चारात एकाहून जास्त. ही मुलं शिबिराच्या पत्रकावर नाव बघून येणार नाहीत. त्यांच्या घरी जावं लागेल.

आता नेहमीचे आक्षेप. गेल्या वर्षभरात मी हे सगळे ऐकलेत, त्यामुळे पाठ आहेत.

पहिला आक्षेप, "अशा मुलांना तज्ज्ञ लागतात." फिजिओथेरपीला तज्ज्ञ लागतो, बरोबर. पण गोष्ट ऐकायला, चिखलाचे बैल करायला, पाण्याने भिजवायला कुठला तज्ज्ञ लागतो? जिथे सल्ला लागेल तिथे तो आहे. प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना आठवड्यातून एकदा बोलवा, दोन दिवस ताई-दादांचं प्रशिक्षण घ्या. बाकी गोष्टी साध्या आहेत. ज्या मुलाला पुढे काय होणार हे न कळल्याने भीती वाटते त्याच्यासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. गोंगाट सहन न होणाऱ्यासाठी व्हरांड्यात चटई टाकून एक शांत कोपरा ठेवा. एखादं मूल ऐकू न येणारं असेल तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी वीस खुणा शिकायच्या. पोरांना तर ती गुप्त भाषाच वाटते, घरी जाऊन आईबापांसमोर वापरतात. :-)

दुसरा आक्षेप, "बाकीच्या मुलांचं नुकसान होतं, वेग कमी होतो." कसला वेग? उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना कुठे पोचायचंय? उलट आज जो दहा वर्षांचा आहे तो पंधरा वर्षांनी कुणाचा तरी मॅनेजर असेल, डॉक्टर असेल, बस कंडक्टर असेल, सरपंच असेल. त्याने लहानपणी व्हीलचेअर ढकललीच नसेल तर मोठेपणी तो पायऱ्याच बांधणार. 'चंदू चॅम्पियन' बघून २०२४ मध्ये आपण सगळे रडलो. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक आणलं आणि अर्जुन पुरस्कार पोचायला जानेवारी २०२५ उजाडला, यावर हळहळलो. पण आपल्या गल्लीतल्या मुलाला पाण्यात कोण उतरवणार, हा प्रश्न थिएटरमधून बाहेर पडताना कुणाला पडला?

तिसरा आक्षेप, "काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" हा खरा प्रश्न आहे, म्हणून खरं उत्तर देतो. वेळ साडेसात ते साडेदहा, ऊन चढायच्या आत मुलं घरी. रोजची हजेरी, प्रत्येक मुलाच्या घरचा फोन, कुणाला फिट येते, कुणाला काय चालत नाही याची वही. दहा मुलांमागे एक मोठं माणूस किंवा ताई-दादा, शिवाय मुख्य शिक्षिका. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तेव्हा कुणीही एकट्याने एका मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी मुलांसमोरच मोठ्याने सांगायचा. महामार्ग ओलांडून येणाऱ्या मुलांना हात धरून आणायला माणूस. एवढं केल्यावरही धोका शून्य होत नाही. पण आज मे महिन्यात कालव्यावर एकटी फिरणारी पोरं कुणाच्या जबाबदारीवर असतात? शिबिराला जबाबदारी विचारणाऱ्यांनी हा प्रश्न कुलूप लावताना विचारलेला मला आठवत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त चिडवतो. "ही सगळी परदेशी फॅडं. तुमच्या अमेरिकेत चालतं." मी ऑनसाईट असताना न्यू जर्सीत बघितलंय हे खरं. गावच्या पालिकेचं शिबिर, बागेत, वॉकर घेतलेलं मूल आणि त्याच्याबरोबर मदतीला कॉलेजातला पोरगा. पण तेही आभाळातून पडलं नाही. १९९० चा कायदा व्हावा लागला, तो झाल्यावरही पालकांना भांडावं लागलं.

आणि आपल्याकडे काय नव्हतं? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम आदिवासी पाड्यांत वाढलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चारायला जाणारी मुलं तिथेही येईनात, तर शाळा त्यांच्या मागून कुरणात गेली, ती कुरणशाळा. मूल येत नाही तर मुलाचं काय चुकतंय हे न विचारता, आपली शाळा चुकीच्या जागी आहे असं म्हणणाऱ्या या बायका. समावेशाची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याही करारात सापडलेली नाही. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तीही ऐन मे महिन्यात. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आणि शहरातली कॉलेजची पोरं एका बांधावर घमेली उचलत होती. ज्यांना हात लावायला समाज तयार नव्हता त्यांच्याच हाताखाली ही पोरं काम शिकत होती. पुण्यात सारसबागेजवळ १९८५ पासून शोभा भागवतांचं गरवारे बालभवन उभं राहिलं, जिथे मुलांना स्पर्धेशिवाय नुसतं खेळू द्यायचं हाच कार्यक्रम. म्हणजे गावाकडचं, तरुणांचं आणि सुट्टीतलं, तिन्ही नमुने घरातच आहेत. आपण ते सोडून रोबोट घेऊन बसलोय.

पाचवा आक्षेप, "माणसं कुठून आणायची?" हे तर पाटसकरांनी तरी म्हणू नये. दरवर्षी तुकोबांची पालखी वरवंडहून निघते, पाटसला विसावून रोटी घाट चढते. हजारो वारकऱ्यांचं पाणी, जेवण, सावली, औषधं, हे कुठली इव्हेंट मॅनेजमेंट कंपनी करते? गावच करतं. त्या दिवशी वारकऱ्याला कुणी जात विचारत नाही, फॉर्म भरून घेत नाही, तू स्वतःची कामं स्वतः करू शकतोस का असं विचारत नाही. जो थकलाय त्याचे पाय आधी चेपतात. एवढं ज्या गावाला जमतं त्या गावाला महिनाभर आपल्याच चाळीस पोरांना सांभाळायला माणसं मिळत नाहीत, हे मला कुणी पटवून दाखवावं.

माणसं तर गावात बसून आहेत. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, कॉलेज सुरू व्हायला तीन-तीन महिने जातात. मुलगे मोबाईलवर, आणि मुलींना 'बघायला' पाहुणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लग्नसराई कोणत्या महिन्यात असते ते वेगळं सांगायला नको. सोळा वर्षांच्या मुलीला शिबिराची ताई करा, महिन्याचं मानधन तिच्या हातात द्या, गावातली तीस-चाळीस पोरं तिला 'ताई' म्हणून हाक मारू देत. मग घरात तिच्या शब्दाला काय वजन येतं ते बघा. एखादी ताई स्वतःच कुबड्यांवर चालणारी असली तर फारच उत्तम. शिबिर तिच्यासाठीही आहे, पण ती तिथे लाभार्थी नसेल, कारभारी असेल.

पैसे? चला, एक्सेल उघडू. चाळीस मुलं, चार आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे चोवीस दिवस. उसळ, केळं, शेंगदाण्याचा लाडू असा खाऊ दिवसाला वीस रुपयांनी १९,२०० रुपये. चार ताई-दादांना प्रत्येकी पाच हजार, म्हणजे २०,०००. मुख्य शिक्षिकेला १२,०००. वस्तीवरच्या आणि चालू न शकणाऱ्या मुलांसाठी रिक्षा, रोजचे ४०० धरून ९,६००. रंग, माती, चेंडू, दोऱ्या, पुस्तकं ६,०००. चटया, माठ, प्रथमोपचार, स्वच्छतागृहाला धरायचा दांडा ४,०००. एकूण ७०,८००. एका मुलामागे १,७७० रुपये महिन्याला. वर सांगितलेल्या पाच-सात हजारांच्या शिबिरांत दहा ते चौदा मुलांच्या दहा दिवसांच्या फीत इथे चाळीस मुलांचा महिना निघतो. राज्यात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तो मार्चअखेर थोडा थोडा वाटून संपवला जातो. त्यातून निदान रिक्षा आणि दांडा तरी येईल? आणि सुट्टीत शाळा उघडता येत नाही म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो, २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे मनात आणलं तर मे महिन्यातही चूल पेटते.

या सगळ्यात दोन बारीक नियम मात्र हट्टाने पाळायचे. एक, फी नाही आणि कागद नाही. आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो यातलं काही मागितलं की वीटभट्टीवरचं पोर दारातून परत जातं. दोन, कडेवरचं भावंडं घेऊन आलात तरी चालेल. त्याच्यासाठी एका कोपऱ्यात चटई आणि एक आजी. हे केलं नाही तर बारा वर्षांच्या मुली येणारच नाहीत, आणि आपण म्हणू, "मुलींना आवडच नाही."

आता शेवटचं भांडण तुमच्याशी, म्हणजे खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यातल्या माझ्यासारख्याच मंडळींशी. दरवर्षी कंपनीचा टी-शर्ट घालून एका शनिवारी आपण कुठल्या तरी शाळेत जातो. भिंती रंगवतो, वह्या वाटतो, फोटो काढतो, येताना ढाब्यावर जेवतो. हेतू वाईट नसतो. पण त्या एका दिवसासाठी शाळेला आपली उठबस करावी लागते आणि पोरांना उन्हात रांगेत बसून आपली भाषणं ऐकावी लागतात. ज्या मुलाला रोज कुणीतरी लागतं त्याला वर्षातून एकदा आलेल्या शंभर माणसांचा काय उपयोग? तेव्हा कृपा करून येऊ नका. आणि यायचंच असेल तर सलग आठवडाभर या, टी-शर्टवर नाव नको, आणि ताई सांगेल ते काम करा.

त्यापेक्षा कंटाळवाण्या गोष्टींचे पैसे द्या. रिक्षाचे, मानधनाचे, दांड्याचे. त्यांचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्यांना कुणी देणगी देत नाही, आणि म्हणूनच ते मूल ओट्यावर राहतं. वीस जणांनी साडेतीन हजार काढले की एका गावाचा महिना जवळजवळ झाला. आपापलं गाव प्रत्येकाला आहेच. पाटसच पाहिजे असं नाही, यवत घ्या, न्हावरे घ्या, तुमच्या बायकोचं माहेर घ्या.

आणि गावाकडच्या मंडळींनो, तुम्ही पैशांची वाट बघू नका. आधी वस्त्यांवर फिरून यादी करा, कोणती मुलं सुट्टीत कुठेच जात नाहीत. त्या यादीतल्या सगळ्यात वरच्या नावाला विचारा, तुला इथे यायला काय लागेल? उत्तर ऐकून वेळ, जागा, रिक्षा ठरवा. मेच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला शाळेचं फाटक उघडं पाहिजे आणि मागचं स्वच्छतागृहसुद्धा. त्याची चावी कुणाकडे असते ते शोधून काढणं, हे पहिलं काम.